छोट्या केबिन क्रूझरची बॅटरी सारखी उतरते: नवी घेण्याआधी काय तपासायचं

२२ ते २८ फुटी केबिन क्रूझर, मागे एक आउटबोर्ड इंजिन, आत झोपण्यापुरती दोन बाकं, कोपऱ्यात छोटा ओटा आणि रविवारी घरची सहा-सात माणसं. मुंबई बंदर, मांडवा, रेवस-करंजा या पट्ट्यात अशा बोटींवर एकच तक्रार मी सतत दुरुस्त करत आलो आहे. बॅटरी उतरते. नवी घातली तरी पुढच्या पावसाळ्यापर्यंत तीही जाते.

आपल्याकडच्या परिस्थितीत हे होणारच होतं. परदेशातल्या मरिनांमध्ये बोट धक्क्याला लागते आणि किनाऱ्यावरच्या विजेवर रात्रभर चार्ज होते. आपली बोट बोयाला (तळाशी नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधलेली असते, आठवडाभर एकटी. तिला वीज मिळण्याचे मार्ग दोनच, इंजिन किंवा ऊन. मूळ बोट बांधणाऱ्याने दिवे, पंप आणि रेडिओ एवढ्याचाच हिशेब धरलेला असतो. मग आपण घरच्यांच्या सोयीसाठी फ्रिज, पंखे, स्पीकर, इन्व्हर्टर, पाण्याखालचे निळे दिवे लावत जातो आणि बॅटरी मात्र तीच राहते.

बोटीवर बॅटरी म्हणजे पाणी उपसणारा पंप आणि मदत मागणारा रेडिओसुद्धा. म्हणून हा बिघाड चालढकल करण्यातला नाही.

लक्षणं

शनिवारी बोटीवर चढलात, चावी फिरवली आणि नुसता ‘टक’ असा आवाज आला. आधीच्या रविवारी सगळं नीट बंद करून उतरला होतात.

सकाळी इंजिन एका दमात सुरू झालं. दुपारी नांगर टाकून जेवण झालं, गाणी झाली. परत निघताना स्टार्टर जड, ओढल्यासारखा फिरतो.

मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो, पण चावी फिरवताच सगळे दिवे मंद होतात आणि जीपीएसचा पडदा बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

व्हीएचएफवर दुसऱ्याचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं, आपण बोलायचं बटण दाबलं की रेडिओच मरतो.

बोट कोरडी असताना पंपाची गुणगुण ऐकू येते. किंवा उलट, पाणी आहे आणि पंप रडतखडत चालतो.

यातलं पहिलं लक्षण असेल तर बोट उभी असताना कुणीतरी वीज खातंय. दुसरं असेल तर दिवसाचा खर्च जमेपेक्षा जास्त आहे, किंवा इंजिन चार्जच करत नाहीये. तिसरं आणि चौथं बहुतेक वेळा सैल किंवा गंजलेल्या जोडाचं असतं. पाचवं पंपाचं, त्यावर पुढे वेगळं बोलू. बॅटरी खरोखर मेलेली असणं ही शेवटची शक्यता, आणि ती शेवटीच तपासायची. लोक नेमके तिथून सुरुवात करतात, कारण बॅटरी विकत आणणं सगळ्यात सोपं असतं.

हात लावण्याआधी

केबिनची झाकणं, खिडक्या, पेट्रोल टाकी बसवलेल्या कप्प्याचं झाकण उघडा आणि नाकाने वास घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते. ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) असेल तर निदान चार मिनिटं चालवा. ब्लोअर चालवल्यावरही वास येत असेल तर बॅटरीचं काम आजचं नाही. आधी पेट्रोलची गळती.

अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. पाना धन टोकावर असताना कड्याचा स्पर्श दुसऱ्या टोकाला झाला तर कडं हातातच लाल होतं. वायर काढताना ऋण टोक आधी, बसवताना ऋण टोक शेवटी. आणि बॅटरी सोडवलीत की बिल्ज पंपही (तळाचं पाणी उपसणारा पंप) बंद पडतो हे लक्षात ठेवा. उतरण्याआधी ती परत जोडली का, हे मोठ्याने म्हणून तपासा.

पहिली तपासणी, फुकटातली: टोकं आणि जोड

बॅटरीच्या टोकांवरची प्रत्येक वायर हाताने धरून हलवा. जराही फिरली तर तिथेच थांबा, अर्धं काम झालं. अनेक बॅटऱ्यांवर कानवाले नट असतात, ते बोटांनी आवळले जातात. मांडव्याच्या वाटेवर वाऱ्याच्या दिवशी बोट जशी आपटते, त्यात हे नट एका मोसमात सैल होतात. ते काढून साधे षट्कोनी नट बसवा, खाली स्प्रिंग वॉशर घाला आणि पान्याने आवळा. एकाच टोकावर तीन-चार थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कड्या) असतील तर स्टार्टरची जाड केबल सगळ्यात खाली, थेट टोकाला टेकून, आणि बारीक वायरी तिच्या वर. बऱ्याच ठिकाणी हा क्रम उलटा सापडतो. नंतर लावलेल्या स्पीकरची थिंबल खाली आणि स्टार्टरची केबल सगळ्यात वर.

हिरवा-पांढरा थर दिसला तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा. बॅटरीला पाणी घालायची झाकणं असतील तर ती घट्ट बंद असू द्या, सोडा आत जाता कामा नये. मग कोरडं पुसून बारीक पॉलिश पेपरने धातू चकचकीत करा, आवळा आणि त्यानंतर वरून व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन आवळल्यानंतरच. आधी लावलं तर धातूला धातू टेकत नाही.

एवढ्याशा गोष्टीला मी इतका वेळ का देतो, ते आकड्यात सांगतो. स्टार्टर फिरताना सहज १५० ॲम्पिअर ओढतो. गंजलेल्या जोडाचा रोध फक्त ०.०२ ओहम असला तरी तिथेच ३ व्होल्ट जळतात. १२.६ मधले उरले ९.६, इंजिन कसं फिरणार? त्याच जोडातून ३ ॲम्पिअरचा पंप चालवला तर नुकसान ०.०६ व्होल्ट, म्हणजे काहीच नाही. म्हणून पंप चालतो, दिवे लागतात, मीटर छान दाखवतो आणि इंजिन मात्र ढिम्म. तिसऱ्या लक्षणाचं कोडं एवढंच आहे, आणि ते पॉलिश पेपरने सुटतं.

इंजिनाच्या बाजूचं टोक विसरू नका. ऋण केबल इंजिनाला जिथे बोल्ट केलेली असते तिथे खारं पाणी उडतं आणि तिकडे कुणी वर्षानुवर्षं बघत नाही.

दुसरी: मल्टीमीटर

साधा डिजिटल मल्टीमीटर हजाराच्या आत मिळतो. बोटीच्या मालकाकडे तो असलाच पाहिजे. बॅटरी निदान पाच-सहा तास ना चार्ज होत असावी ना वापरात, तेव्हाच वाचन खरं असतं. इंजिन बंद केल्या केल्या घेतलेला आकडा नेहमी जास्त येतो आणि फसवतो. शिसं-आम्लाच्या बॅटरीसाठी साधारण असं धरा: १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी.

आता दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगा आणि तेवढ्यात बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट बघा. साडेनऊ-दहाच्या वर राहिले तर बॅटरी तग धरते आहे. तरीही स्टार्टर जड फिरत असेल, तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरं इंजिनावर जिथे धन केबल पोचते तिथे ठेवा आणि पुन्हा चावी फिरवायला सांगा. दिसेल तो आकडा म्हणजे वाटेत गळणारे व्होल्ट. ऋण बाजूलाही तसंच करा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की त्या वाटेतला प्रत्येक जोड, बॅटरी स्विचसुद्धा (बॅटरी तोडणारा मुख्य स्विच), उघडून साफ करायचा. बॅटरी भरलेली असूनही चावी फिरवताना आठवर कोसळत असेल, तर बॅटरीवर संशय घ्यायला आता कारण आहे. मात्र ती परत पूर्ण चार्ज करून एकदा बघाच.

तिसरी: इंजिन चार्ज करतं का

इंजिन सुरू करून थोडा वेग द्या, पाण्यात असताना, न्यूट्रलमध्ये फार नाही. बॅटरीवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवं. १३ सुद्धा गाठत नसेल तर चार्जिंग होत नाहीये. आधी इंजिनच्या झाकणाखालचा मुख्य फ्यूज बघा, मग चार्जिंगच्या वायरचा जोड. एवढं ठीक असेल तर दोष रेक्टिफायर-रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) किंवा स्टेटरमध्ये (इंजिनातलं वीज तयार करणारं वेटोळं) आहे आणि ते काम इंजिनच्या अधिकृत कारागिराचं. उलट १५ च्या वर दिसत असेल तर लगेच इंजिन बंद करा. रेग्युलेटर गेलेला आहे, बॅटरी उकळेल.

इथे एक सवय मोडायला हवी. इंजिन चालू असताना बॅटरी स्विच बंदवर न्यायचा नाही, क्षणभरही नाही. इंजिनने तयार केलेल्या विजेला जायला जागा उरत नाही आणि रेग्युलेटर जळतो. मुलांच्या हाताला लागेल अशा जागी तो स्विच असेल तर त्यावर झाकण बसवा.

चौथी: उभ्या बोटीतली चोरी

सगळं बंद करा. मल्टीमीटर १० ॲम्पिअरच्या खाचेत लावा, ऋण टोकाची केबल काढून टोक आणि केबल यांच्या मधे मीटर जोडा. या अवस्थेत चुकूनही चावी फिरवू नका, मीटर जळेल. मीटरमधून आता जे वाहतंय ते तुम्ही घरी असताना रोज वाहतंय.

०.०३ किंवा ०.०५ ॲम्पिअर दिसलं तर चालेल. म्युझिक सिस्टिमची स्मृती, पाण्याची पातळी जाणवणारा स्विच एवढं खातातच, आणि आठवड्याला ते आठेक ॲम्पिअर-तासांच्या (ॲम्पिअर गुणिले तास) वर जात नाही. पण ०.५ दिसलं तर दिवसाला १२ आणि रविवार ते शनिवार ७२ ॲम्पिअर-तास. ८० ॲम्पिअर-तासांची बॅटरी रिकामी. पहिलं लक्षण हेच.

आता एकेक फ्यूज काढत जा आणि आकडा कधी पडतो ते बघा. गुन्हेगार बहुधा ठरलेले असतात. इन्व्हर्टर पहिला, कारण त्याला काहीही लावलं नसलं तरी तो चालू ठेवला तर अर्धा ते एक ॲम्पिअर खातो. मग स्पीकरचा ॲम्प्लिफायर, ज्याची चालू-बंद करणारी बारीक वायर कुणीतरी थेट बॅटरीला जोडलेली असते. निळा आकडा चमकणारे मोबाइल चार्जिंगचे सॉकेट, एकेक क्षुल्लक, पण चार-पाच मिळून नाही. टॉयलेटमधला दिवा. दिवसाउजेडी चालू राहिलेला नांगराचा दिवा, जो उन्हात दिसतच नाही.

उपाय साधा आहे. हे सगळं मुख्य स्विचच्या मागे घ्या म्हणजे उतरताना एकाच हाताने सगळं बंद होईल. त्याला अपवाद एकच, बिल्ज पंप.

पाचवी: बिल्ज पंप आणि फ्लोट स्विच

यावर थोडा जास्त थांबतो, कारण इथली चूक बॅटरीबरोबर बोटही घेऊन जाते.

बिल्ज पंप मुख्य स्विचच्या मागे कधीच नसावा. स्वतःचा फ्यूज लावून तो थेट बॅटरीवर असला पाहिजे, म्हणजे बोट बंद करून गेलात तरी तो जागा राहतो. काही जण बॅटरी वाचवायला पंपच मुख्य स्विचवर घेतात. तसं असेल तर आज बदला.

पावसाच्या पाण्याने बॅटरी संपते असा समज आहे. हिशेब करून बघू. जुलैतल्या जोरदार दिवशी १५० मिलिमीटर पाऊस पडला आणि बोटीची उघडी जागा ६ चौरस मीटर असून सगळं पाणी तळाशी गेलं असं धरलं, तर झालं ९०० लिटर. मधल्या आकाराचा पंप पाणी वर चढवताना प्रत्यक्षात तासाला २००० लिटरच्या आसपास फेकतो. म्हणजे अर्धा तास. ३ ॲम्पिअरने दीड ॲम्पिअर-ताससुद्धा नाही. पाऊस बॅटरी मारत नाही. अडकलेला फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून पंप सुरू करणारा) मारतो: तेच ३ ॲम्पिअर २४ तास चालले तर ७२. सोमवारी अडकला तर मंगळवारी बॅटरी संपली, आणि बुधवारच्या पावसाला उपसायला कुणी नाही.

फ्लोट कशाने अडकतो? बिस्किटाच्या पुड्याचा तुकडा, केसांचा गुंता, चिकटपट्टी, वायर बांधायच्या प्लास्टिक पट्टीचं कापलेलं टोक. घरच्या माणसांची बोट आहे, हे सगळं तळाशी जाणारच. म्हणून प्रत्येक सहलीनंतर झाकण उघडून हाताने फ्लोट वर करा, पंप सुरू झाला पाहिजे. सोडा, पंप लगेच थांबला पाहिजे. महिन्यातून एकदा बादलीभर पाणी ओतून खरोखर बाहेर फेकलं जातंय का ते बघा, कारण पंप आवाज करतो आणि पाणी जात नाही असंही होतं, नळीला मोड पडलेली असते.

पंपाच्या वायरींचे जोड तळाच्या पाण्यात लोंबकळत असतील तर ते कापून फेका. तिथे खारं पाणी तांब्यात शिरतं, वायर आतून काळी पडत जाते आणि पंपाला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. नवे जोड पाणी पोचणार नाही इतक्या उंचीवर, आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) चढवून. इन्सुलेशन टेप बोटीवर चालत नाही, दमट हवेत तिचा गोंद सुटतो.

आता महत्त्वाचं. फ्लोट ठीक आहे, कोरडा मोसम आहे, आणि पंप तरीही तासातासाला सुरू होतोय? मग प्रश्न विजेचा राहिलेला नाही. बोटीत पाणी शिरतंय. मोठी बॅटरी किंवा दुसरा पंप हा त्यावरचा इलाज नाही. बोट बाहेर काढा.

सहावी: सहलीच्या दिवसाचा जमाखर्च

दुसऱ्या लक्षणावर आलो. नांगर टाकून पाच-सहा तास घालवणाऱ्या कुटुंबाचा खर्च असा येतो. ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साडेचार ॲम्पिअर घेतो आणि आपल्या उन्हात निम्मा वेळ चालतो, सहा तासांचे झाले १४. ॲम्प्लिफायरसह गाणी, ५ ॲम्पिअरने पाच तास, २५. दोन पंखे, ७. जीपीएस आणि रेडिओ दिवसभर, १०. सगळ्यांचे मोबाइल, ६. बेरीज ६० च्या पुढे.

आता जमा. इंजिनच्या माहितीपत्रकात ३५ ॲम्पिअर लिहिलेलं असतं ते वेगात चालताना. इंजिनची स्वतःची गरज भागून बॅटरीपर्यंत १५-२० पोचले तरी खूप. गेटवेहून मांडवा आणि परत मिळून दोन तास धरले तर ३० ते ४०. घारापुरीला हळूहळू फिरून आलात तर त्याहून बरंच कमी. दर रविवारी २०-३० ची तूट, आणि आठवडाभर भरून काढणारं कुणी नाही.

शिसं-आम्लाची बॅटरी अशी अर्धपोटी ठेवली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसत जातो आणि तिची क्षमताच घटते. नवी बॅटरी एका मोसमात जाण्याचं मला सापडलेलं सगळ्यात मोठं कारण हेच. दुकानदाराने वाईट माल दिला असं लोक म्हणतात, पण बॅटरी चांगली होती.

यावर मी या क्रमाने खर्च करायला सांगतो.

आधी फ्रिजऐवजी चांगला जाड आइसबॉक्स आणि किनाऱ्यावरून घेतलेला बर्फ. एका दिवसाच्या सहलीला हे पुरतं. १४ ॲम्पिअर-तास वाचले आणि खर्च बर्फाचा.

मग बॅटऱ्या वेगळ्या करा. एक फक्त इंजिन सुरू करायला, दुसरी घरखर्चाला. ‘१-२-दोन्ही’ असा स्विच अनेक बोटींवर असतो, पण तो ‘दोन्ही’वर विसरला की दोन्ही एकत्र उतरतात. त्यापेक्षा मधे व्होल्टेज बघून जोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) लावा. चार्जिंग सुरू होऊन व्होल्ट साधारण १३.३ वर गेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या आसपास उतरले की तोडतो. मुलांनी कितीही गाणी वाजवली तरी परतीचं इंजिन सुरू होतं. केबिन क्रूझरवर कुठलीही सोय वाढवण्याआधी हे एक काम झालेलं असावं असं माझं ठाम मत आहे.

तिसरं, सोलर पॅनेल. बोयावरच्या बोटीला याच्याइतकं उपकारक दुसरं काही नाही. केबिनच्या छपरावर आडवं ठेवलेलं १०० वॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी २० ते २५ ॲम्पिअर-तास देतं, म्हणजे रविवारची तूट मंगळवारपर्यंत भरते. सोबत चार्ज कंट्रोलर हवाच, नाहीतर भरलेली बॅटरी उकळत राहील. रेलिंगची किंवा अँटेनाची सावली पॅनेलवर पडू देऊ नका, थोडी सावलीही उत्पादन फार खाली आणते. पावसाळ्यात त्याच्याकडून मोठी अपेक्षा ठेवू नका. पंपाला जागतं ठेवण्याइतकं मात्र ते देतं.

घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडते म्हणून बोटीत ठेवलेली मी बघितली आहे. ती काढा. लाटांत तिचं आम्ल सांडतं, आणि समुद्राचं पाणी तिच्या आत गेलं तर चार्जिंगच्या वेळी क्लोरीन वायू तयार होतो. केबिनमध्ये मुलं झोपलेली असतात. बंदिस्त एजीएम बॅटरी (जिच्यात आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं) घ्या, ती पेटीत पट्ट्याने बांधा. लिथियम घ्यायची असेल तर इंजिनच्या बनवणाऱ्याची परवानगी आहे का हे आधी बघा आणि चार्जिंगसाठी मधे डीसी-टू-डीसी चार्जर लावा. ती इंजिनला थेट जोडायची नसते.

सातवी, सगळ्यात कष्टाची: वायरिंग

व्हीएचएफ बोलताना मरतो ते इथलं. २५ वॉटवर बोलताना रेडिओ ५-६ ॲम्पिअर ओढतो, ऐकताना त्याच्या दशांशही नाही. मागच्या बॅटरीपासून पुढच्या पॅनेलपर्यंत ७ मीटर, जाऊन-येऊन १४. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरने ६ ॲम्पिअरला जवळपास एक व्होल्ट वाटेतच जातो, अडीचच्या वायरने सुमारे ०.६. अमेरिकन बोट-मानकाप्रमाणे दिशादर्शक दिव्यांसारख्या महत्त्वाच्या वाटांवर घट ३ टक्क्यांच्या आत, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६ हवी. त्याला ४ चौरस मिलिमीटरही थोडी अपुरी पडते, ६ ची वायर घाला.

घराच्या वायरिंगची साधी तांब्याची वायर बोटीत दोन-तीन पावसाळ्यांत आतून काळी होते. कथील चढवलेली मरीन वायर महाग आहे, पण ती एकदाच घालायची असते. वायर सोलून बघा. तांबं काळं असेल तर मागे मागे कापत जा. हातभर कापूनही चकचकीत धातू लागला नाही तर ती पूर्ण बदला. प्रत्येक धन वायरला बॅटरीजवळ फ्यूज हवा. फ्यूज उपकरण वाचवायला नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो, त्यामुळे तो वायरच्या सुरुवातीला हवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालायचा नाही.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर आता बॅटरी पूर्ण चार्ज करून बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट (मोठा भार देऊन चाचणी) करून घ्या. त्यात नापास झाली तर खुशाल नवी घ्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

केबल हाताला गरम लागते, प्लास्टिक वितळलंय किंवा जळका वास येतो. मुख्य स्विच बंद करा, फ्यूज बदलून बघू नका.

बॅटरी फुगली आहे किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतो. ठिणगी होईल असं काही करू नका, हवा खेळू द्या, बाजूला व्हा.

बोटीच्या बुडाचे किंवा इंजिनचे बलिदानी ॲनोड (बाकी धातू वाचवायला स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) पूर्वी मोसमभर टिकायचे आणि आता काही आठवड्यांत विरघळतात. कुठूनतरी वीज पाण्यात गळते आहे. ती शोधायला मरीन इलेक्ट्रिशियनच लागतो, आणि उशीर झाला तर गिअरबॉक्सचं घर खाल्लं जातं.

२३० व्होल्टचं काहीही. इन्व्हर्टरची बाहेर जाणारी लाइन, किनाऱ्यावरची जोडणी, सॉकेट. ओल्या बोटीत आणि खाली पाणी असताना ही वीज माणूस मारते. घरच्या कामाचा इलेक्ट्रिशियनही इथे नको, बोटींचं काम केलेलाच हवा.

इंजिनचा कंट्रोल युनिट, स्टेटर, रेग्युलेटर. चुकीचा प्रयोग बॅटरीच्या कित्येक पट महाग पडतो.

समुद्रात असताना इंजिन सुरू होत नसेल तर तपासणी नंतर, नांगर आधी. मुंबई बंदरात उधाणाला पाच मीटरच्या आसपास पाणी चढतं-उतरतं आणि तो प्रवाह बोट जहाजांच्या वाटेत नेऊ शकतो. नांगर धरला की सगळ्यांना लाइफ जॅकेट घाला. फ्रिज, गाणी, पंखे सगळं बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा, उतरलेली बॅटरी थोडी सावरते. मग स्विच ‘दोन्ही’वर घेऊन एकदाच प्रयत्न करा, दहा सेकंदांपेक्षा जास्त चावी धरू नका. नाही झालं तर उरलेली वीज रेडिओसाठी राखा. व्हीएचएफ १६ वाहिनीवर बोला, किंवा मोबाइलवरून तटरक्षक दलाचा १५५४.

कारागिराला फोन करण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: विसाव्यातले व्होल्ट, चावी फिरवतानाचे व्होल्ट, इंजिन चालू असतानाचे व्होल्ट, सगळं बंद असतानाचे ॲम्पिअर, आणि गेल्या वर्षभरात बोटीत नवीन काय काय लावलं. ही यादी नसेल तर तोही पहिला अर्धा दिवस हेच मोजण्यात घालवतो, आणि त्याचे पैसे तुम्ही देता.